कापसाला विटाळ नाही

भागाबुढी महिन्यातून एक दिवस चावायची, आणि तसं ती सकाळीच सांगून टाकायची. वेचणीला निघालेल्या आम्हा बायांच्या पुढे कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि म्हणायची, "आज माह्याशी कोनी बोलू नोका. उद्या-परवा मी दूर बसन. आज मी चावते."

मग दिवसभर खरोखर चावायची. कुणाच्या ओटीतल्या कापसात पालापाचोळा दिसला की तिच्या सात पिढ्या उकरून निघायच्या. एकदा दुपारच्या भाकरीवरची मिरची मातीत पडली, तर ही बाई धुऱ्यावर, शेताच्या बांधाला बसून ढसाढसा रडली. रडता रडता स्वतःलाच शिव्या देत होती, "पाय या भवानीले, मिरचीसाठी रडून राह्यली!" आम्ही तोंडात पदर कोंबून हसलो. तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, "हसा, हसा. तुमच्या बी कपाळी हेच हाय." दोन दिवसांनी तीच बाई माझ्या पायात रुतलेला काटा दातांनी काढत होती.

बुढी म्हणायचे, पण ती म्हातारी नव्हती. चाळिशीचीही नसेल. लवकर विधवा झालेली, जीभ फटकळ, भीडभाड कुणाची नाही. अशा बाईला गाव लवकर बुढी करून टाकतं. आमचं गाव अमरावतीहून चांदूरकडे जाणाऱ्या गाडीवाटेवर. पाटलाच्या शेतात कापूस वेचणाऱ्या बायांची टोळी तिच्या हाताखाली होती. मी नवी सून, माझी नणंद रुखमा माझ्याहून थोडी लहान, आम्ही दोघी त्याच टोळीत. आमचं घर पाटलाची जमीन बटईनं, अर्ध्या वाट्यानं करायचं, त्यामुळे पाटील बस म्हणाला की आमच्या घराला बसावं लागे.

आता तिचं बोलणं सांगते. सगळं गाव त्या गोष्टीला काहीबाही आडवळणाची नावं द्यायचं. कावळा शिवला, अडचण आली, दूर बसली, बाहेरची झाली. कावळ्यानं बिचाऱ्यानं काय केलं होतं? भागाबुढी म्हणायची, "रगत जाते आन् पोट दुखते. दोन गोष्टी हायेत, दोनी सांगाव." पोटदुखीचं तर नावच कुणी काढायचं नाही. कमरेत कुणी पहार घालून पिळतंय असं व्हायचं मला, पण सासूबाईंना काय सांगणार? त्यांच्या सासूनं त्यांना सांगू दिलं नव्हतं, त्या मला सांगू देत नव्हत्या. अशी ही आमची वडिलोपार्जित इस्टेट.

मुली मुकाट राहिल्या तरी तिला कळायचं. ओळीत एखादी मागे पडली, ओठ चावत वाकली की ती दरडावायची, "खोटं बोलू नोको, पोटाले इचार. दुखते?" मुलगी मान हलवायची. "मंग जा."

जा म्हणजे तिच्या छपरात जा. तिचं घर गावाच्या टोकाला. मागे तुराट्यांचं एक छपर होतं. ज्या घरांत दूर बसायला वेगळा कोपरा नाही, त्यांच्या लेकीसुना तिथं जायच्या. गावाच्या लेखी ती विटाळाची जागा. तिथं पेंढ्यावर गोणपाट टाकलेलं असायचं, चुलीत वीट तापत ठेवलेली असायची, फडक्यात गुंडाळून ती पोटाशी धरायची. औषध विचारलं की ती खेकसायची, "औषध मले मालूम असतं तर मी अशी राह्यली असती काय? पडून राहा." पडून राहायचं, बस. अपमान होताच त्यात. वरून ओंजळीत पाणी ओतायचे, भाकरी लांबून फेकायचे. पण बाई, पाठ तरी टेकायची. मी त्या छपरात झोपले तेवढी शांत झोप सासरी कुठं झोपले नाही.

आणि मग ते वर्ष आलं. दर्यापार कुठं तरी गोऱ्या-गोऱ्यांत लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला आणि मुंबईच्या शेठांना एकाएकी वऱ्हाडाचा उमाळा आला. कापसाचा भाव असा चढला की माणसं वेडीपिशी झाली. आमच्या पाटलानं बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. अकोल्याचा दलाल त्याच्या ओसरीवर मुक्कामाला येऊन बसला. सकाळ-संध्याकाळ एकच घोकणी, "पाटील, माल कब भरेगा? गाडियां खडी हैं!" फुटलेलं बोंड झाडावर राहिलं की पाटलाच्या छातीत कळ यायची.

पूर्वी दूरची बाई उभ्या पिकात जायची नाही. शेत म्हणजे लक्ष्मी, तिला बाट लागतो, अशी रीत होती. त्या रीतीच्या आडोशानं आम्हाला ते तीन दिवस मिळायचे. पाटलाला आता ते तीन दिवस खुपायला लागले. त्यानं जोश्याला बोलावलं, बामणाला साजेसा शिधा दिला आणि जोश्यानं पारावर सांगून टाकलं, "कापसाला विटाळ नाही. कापूस म्हणजे साक्षात लक्ष्मी, लक्ष्मीला कसला विटाळ?" काल लक्ष्मीला बाट लागत होता, आज लागत नाही! आणि गावातल्या एकाही पुरुषाला हसू आलं नाही.

बरं, विटाळ गेला म्हणावं तर तसंही नाही. दिवसभर शेतात राब, कापसाची जड ओटी दुखत्या पोटावर लोंबकळत ठेव, पण पाण्याच्या मडक्याला हात लावू नको. संध्याकाळी ओझं डोक्यावर घेऊन पाटलाच्या दारापर्यंत जा, पण पायरीवर पाय देऊ नको. घरी गेलीस की गोठ्यात नीज. म्हणजे आराम तेवढा काढून घेतला आणि हिडीसफिडीस होती तशी ठेवली. अजून आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आणि तो कापूस कुठं राहायचा ठाऊक आहे? चोराच्या भीतीनं पाटील तो कोठ्यात ठेवायचाच नाही. थेट माजघरात, देवघराच्या भिंतीला लागून! भागाबुढीनं एकदा भरल्या अंगणात पाटलिणीला विचारलं, "काय वो पाटलीनबाई, आज माह्या टोळीतल्या तिघी दूरच्या होत्या. त्याईनं वेचलेला कापूस तुमच्या देवापाशी जाऊन बसला. आता देव बाटला, का त्या तिघी चोख झाल्या? एक काई तरी सांगा." पाटलीण पदर सावरत आत निघून गेली. दलाल मिशीत हसला. त्या तिघी मात्र लाजेनं मेल्याहून मेल्या झाल्या, भागाबुढीवरच चिडल्या. ती म्हणाली, "चिडा. पन कामाच्या मानसावर चिडाव. पाटलावर चिडून पाहा एखाद डाव."

याच दिवसांत रुखमा पडली.

रुखमाचं दुखणं आमच्यासारखं नव्हतं, फार वाईट होतं. आधीचे दोन दिवस ती गप्प व्हायची, डोळ्याला डोळा भिडवत नसे, उगाच भांडी आपटायची. मग पोटात कळ उठली की ओकाऱ्या, थंडगार घाम, डोळे पांढरे. लग्न लहानपणीच झालेलं होतं. पदर आला होता, सासरची माणसं माघात न्यायला येणार होती. त्या दिवशी भर वेचणीत ती पऱ्हाटीत कोसळली, दातखीळ बसली. पाटलाचा माणूस धुऱ्यावरून ओरडला, "हिले बाहेरचं लागलं हाय! कापसाले नजर लागन! घरच्याईले सांगा, बंदोबस्त करा, नाई तर बटई गेली समजा."

सासूबाईंना बटईची भीती होतीच, त्याहून मोठी भीती सासरची. ते लोक भूत लागलेली मुलगी परत पाठवतील, मग ती जन्मभर कुणाची? त्या वाईट नव्हत्या हो. घाबरलेल्या होत्या, आणि घाबरलेल्या आया काय काय करून बसतात ते मी पाहिलं आहे. त्यांनी भगत ठरवला. भगत म्हणाला, पुढच्या खेपेला कळ सुरू झाली की लगेच बोलवा. भूत पोटात असतानाच त्याला चटका बसला पाहिजे. विळा तापवून पोटावर दोन डाग द्यायचे.

रुखमा हे भिंतीपलीकडून ऐकत होती. माझा हात धरून म्हणाली, "वहिनी, मी ओरडनारच नाई आता. कितीही दुखो. मंग नाई ना डागनार?" मी पाणी आणायचं निमित्त केलं आणि भागाबुढीकडे गेले.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता शिव्यांचा पाऊस पडणार. पण तिनं दार लोटलं, नेसूची गाठ सैल केली आणि लुगडं खाली सारलं. बेंबीच्या दोन्ही अंगांना, विळ्याच्या पात्यासारखे वाकडे, आखडलेल्या कातडीचे दोन पट्टे होते. मी नजर वळवली. ती म्हणाली, "पाय. नीट पाय. मी रुखमाएवढी होती. मामानं हात धरले. मायनं पाय धरले. पहिल्या डागानं दुखनं गेलं नाई, तं म्हने डाग कमी पडला, म्हनून दुसरा देला."

"मंग गेलं?" मी विचारलं.

"दर महिन्याले येते. आता बी." तिनं गाठ मारली. "कळ सुरू झाली की तिले माह्या छपरात आन. बाकी मी पाहते."

पुढच्या खेपेला रुखमा तोंडात पदर कोंबून चुलीपुढे वाकली आणि सासूबाईंना ते दिसलं. त्या भगताला निरोप धाडायला गेल्या तेवढ्यात मी रुखमाला उचलली, खांद्याचा आधार देत छपरात नेली. तिथं पाहते तर अख्खी टोळी जमलेली! रुखमा दोन दिवस गप्प झाली होती, त्यावरून दिवस ओळखून भागाबुढीनं बायांना शेतात जाऊच दिलं नव्हतं. रुखमाला आत पेंढ्यावर निजवलं, पोटाशी वीट दिली आणि आम्ही सगळ्या दारापुढे दाटीवाटीनं बसलो.

भगत आला. मागे शेगडी धरलेला त्याचा माणूस, शेगडीत विळा. त्यामागे सासूबाई रडत, आणि वेचणी का थांबली ते बघायला स्वतः पाटील. दूर गाडीवाटेवर दलाल उभा.

भागाबुढी उठली. "पोरगी दूरची हाय. तुले चालते तिथं जायाले?"

भगत म्हणाला, "मी हात नाई लावत. लांबूनच देतो. लोखंडाले विटाळ नसते."

तिथं तिचा बांध फुटला. "कापसाले विटाळ नाई! लोखंडाले विटाळ नाई! मंग विटाळ राह्यला कोनाले रे मेल्या? आमच्या कातड्याले?" ती एकेक पाऊल त्याच्यावर चालून गेली, हात पुढे करून. "मी बी दूरची हाय. शिवू का? सांग, शिवू का? मंग कोन्ता देव येते तुह्या अंगात ते पाहू."

भगत मागे सरला. तो सरला तसा त्याचा माणूस सरला, शेगडी कलंडली, निखारे मातीत. मग माझ्या शेजारची उठली. "मी बी दूरची." तिच्या शेजारची म्हणाली, "मी बी." मीही म्हणाले. एकामागून एक सगळ्या उठल्या. शेवटी कोंडाबाई काठी टेकत उभी राहिली. तोंडात दात नाही, नातवाचं लग्न झालेलं. तीही म्हणाली, "मी बी!"

पाटील ओरडला, "ए बुढे, तुले काय झालं या वयात?"

"बापा," कोंडाबाई म्हणाली, "तू तपासतं काय?"

हसू फुटलं आम्हाला. रडू आणि हसू एकदमच. पाटलाचं तोंड बघण्यासारखं झालं. कुणाची खरी, कुणाची खोटी, कोण ठरवणार? ओढून न्यावं तर शिवावं लागतं. मारावं तर शिवावं लागतं. त्यांनीच पिढ्यान् पिढ्या बांधलेलं कुंपण, आणि आज ते बाहेर, आम्ही आत.

भागाबुढी म्हणाली, "पाटील, जोश्यानं कापसाचा विटाळ काढला, तुमचा नाई काढला. तीन दिवस आमी साऱ्या अथीच. चौथ्या दिवशी न्हाऊन येऊ. पन दोन गोष्टी. या पोरीले कोनी डागनार नाई. आन् जिचं दुखते ते शेतात येनार नाई. नाई तं मंग चौथ्या दिवशी बी आमी दूरच्याच."

तीन दिवस! बोंडं फुटून फुटून लोंबली, वाऱ्यानं कापूस मातीत लोळायला लागला. दलालाचं "गाडियां खडी हैं" आम्हाला छपरापर्यंत ऐकू यायचं आणि कोंडाबाई आतून ओरडायची, "खडी है तो बैठाव!" घरोघरी पुरुषांनी करपलेल्या भाकरी थापल्या. नवऱ्यांनी शिव्या दिल्या, पण लांबून.

सासूबाई रोज यायच्या, भाकरी ठेवून लांब उभ्या राहायच्या. दुसऱ्या दिवशी रुखमा बरी होऊन उठून बसलेली त्यांनी पाहिली. "बिनडागाची कशी बरी झाली?" त्यांनी भागाबुढीला विचारलं.

"दुखनं सरलं म्हनून बरी झाली. तुह्यं नोतं सरत?"

सासूबाई एक पाऊल पुढे आल्या. मग म्हणाल्या, "पुढच्या महिन्याले परत आलं तं?"

"येईनच. तवा बी पडून राहीन, तवा बी सरन. भूत असतं तं महिना मोजून आलं असतं काय वं? तू माय हायेस, वैरीन नाई. इळा काहाले तापवतं?"

सासूबाई तिथंच मातीत बसून रडल्या. भगताला दिलेलं नारळ-धान्य त्यांनी परत मागितलं नाही, पण त्याला पुन्हा दारात उभं केलं नाही.

चौथ्या दिवशी पाटलानं दोन्ही गोष्टी कबूल केल्या. उपकार केल्यासारखं तोंड करून, पण केल्या. आणि पुढच्या हंगामात भागाबुढीची मुकादमी काढून घेतली. ती साधी वेचणारी म्हणून ओळीत उभी राहिली, नव्या मुकादमिणीच्या चुका मोठ्यानं सांगत. मग तिकडची लढाई सरली, भाव धाडकन बसला. पाटलाचा कापूस माजघरातून कोठ्यात गेला, बैलांच्या शेंब्या कुठं गेल्या देव जाणे. आणि जोश्यानं पारावर सांगितलं की दूरच्या बाईनं उभ्या पिकात जाऊ नये, लक्ष्मी कोपते. भागाबुढी पारापुढून जाता जाता म्हणाली, "भाव पडला तसा कापूस सोवळा झाला." जोश्यानं ऐकलं नाही असं दाखवलं.

पण हे सगळं नंतरचं. त्याआधी, त्याच माघात, रुखमाला न्यायला सासरची माणसं आली त्या दिवशी भागाबुढी न बोलावता आली. ओसरीवर व्याही, मामा, चार पुरुष बसलेले. ही थेट रुखमाच्या सासूपुढे उभी. "बाई, हिचं पोट दुखते दर महिन्याले. लय दुखते. ओकते, पडते. भूत नाई, नाटक नाई. त्या दिवशी हिले निजू द्याव. हिले डागलं तं मी येईन, आन् तुमच्या चुलीले शिवून जाईन."

पुरुषांनी माना खाली घातल्या. माझ्या नवऱ्याला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. आम्हाला वाटलं, झालं, मोडला संसार. रुखमाची सासू ओसरीवरच्या पुरुषांकडे पाठ करून उभी राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "माह्यं बी दुखायचं, बाई." एवढंच. आणि रुखमाची ओटी भरायला उठली.

भागाबुढीला मी शेवटचं पाहिलं ते रुखमा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा. भागाबुढी खंगली होती, खोकत होती, पण जीभ तशीच. मी रुखमाच्या पोटाला तेल लावत बसले होते. ती आत आली, माझा हात बाजूला केला. "सर, पाहू दे."

रुखमा लाजली, पण पदर काढला. भरलेलं, घट्ट, तेलानं चकाकणारं पोट. त्याच्यावर एक रेघ नव्हती. भागाबुढीनं तळवा ठेवला, बेंबीच्या एका अंगाला, मग दुसऱ्या. आतून बाळानं लाथ मारली तसा तिनं हात चटकन उचलला आणि पुन्हा ठेवला. मला वाटलं आता म्हणेल, सुखी राहा, लेकरू होऊ दे.

"असं असते काय वो पोट," ती म्हणाली. "माह्यं बी असंच होतं."

मग ती उठली. गुळाचा खडा दिला तो घेतला नाही. गल्लीत गेली आणि शिव्या द्यायला लागली. कधी ऐकल्या नव्हत्या अशा शिव्या, घशातून ओरबाडून काढलेल्या. खोकल्याची उबळ यायची, थांबायची, पुन्हा सुरू. सासूबाई दारापर्यंत जाऊन बघून आल्या.

"गल्लीत तं कोनीच नाई. कोनाले शिव्या देऊन राह्यली हे?"

"तिच्या मायले," मी म्हणाले.